मोटारीच्या कंठाची कथा

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा गाड्यांची नावे सांगतात, कारखानदारांची चरित्रे सांगतात, आणि फार तर कोणती गाडी कोणत्या साली किती वेगाने धावली ते सांगतात. तो इतिहास खोटा आहे असे नाही. परंतु तो रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिलेला इतिहास आहे. इंजिनात हवा ज्या वाटेने शिरते त्या वाटेवर जुन्या चांदीच्या रुपयाएवढी, किंवा त्याहून थोडी मोठी, अशी धातूची एक चकती बसवलेली असते. चालकाने पाय दाबला की ती फिरून हवेला वाट देते. पाय उचलला की वाट जवळजवळ बंद करते. गाडीचे धावणे, चढ चढणे आणि चौकात उभी असताना मंदपणे गुरगुरत राहणे हे सारे त्या चकतीच्या काही अंशांच्या फिरण्यावर अवलंबून असते. इंग्रजीत या योजनेस थ्रॉटल म्हणतात. त्या शब्दाचे नाते गळ्याशी आहे, आणि गळा आवळणे असाही त्याचा अर्थ होतो. चकतीला तिच्या आकारावरून फुलपाखरू-झडप म्हणण्याची पद्धत आहे. मला मात्र या जागेला मोटारीचा कंठ म्हणणेच अधिक आवडते.

हा कंठ नीट जुळवण्याचे काम गेल्या सव्वाशे वर्षांत कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेले, याची हकीकत आज श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे. तिच्यातील पुष्कळसा भाग बंगळुरात घडतो, आणि त्यातही जयनगर व त्याच्या आसपासच्या दोन-चार मैलांत. त्याला कारणे आहेत. ती ओघाने येतीलच.

प्रथम ही वस्तू गाडीत असते कोठे ते सांगितले पाहिजे. जुन्या फियाटचे किंवा ॲम्बॅसडरचे झाकण उघडले की पत्र्याच्या डब्यासारखी हवेची गाळणी दिसे. ती सोडवली की कार्बोरेटर समोर येई, आणि त्याच्या इंजिनाकडील तोंडाशी ही झडप असे. पेट्रोल मोजणे, ते हवेत मिसळणे आणि त्या मिश्रणाला वाट देणे ही तिन्ही कामे त्या एका पितळी-जस्ती यंत्रात एकत्र नांदत होती. आजच्या पेट्रोल गाडीत हवेच्या गाळणीपासून निघालेल्या जाड रबरी नळीचा माग काढीत इंजिनाकडे जावे. ती जेथे संपते तेथे ॲल्युमिनियमचा एक आखूड नळकांड्यासारखा भाग लागतो. तोच थ्रॉटल बॉडी. पेट्रोलाशी त्याचा आता संबंध उरलेला नाही. त्याच्या दांड्याच्या एका टोकाला पूर्वी ॲक्सिलरेटरची तार येत असे, दुसऱ्या टोकाला झडप किती उघडली हे सांगणारा सेन्सर असे, आणि बगलेत झडप बंद असतानाही थोडी हवा सोडणारी एक लहानशी आडवाट असे. अगदी अलीकडच्या गाड्यांत तारही नाही. तिच्या जागी लहानशी विजेची मोटर बसली आहे. कार्बोरेटर हे एकत्र कुटुंब होते असे मानले, तर थ्रॉटल बॉडी हे त्यातून वेगळे निघालेले बिऱ्हाड होय.

झडपेची कल्पना मोटारीहून जुनी आहे. जेम्स वॉटने १७८८ साली आपल्या वाफेच्या इंजिनाला गरगर फिरणाऱ्या दोन गोळ्यांचा नियामक जोडला, तेव्हा त्या गोळ्यांनी जी झडप ओढावयाची होती ती हीच. इंजिनाचा वेग वाढला की गोळे दूर जात, झडप थोडी मिटे आणि वाफ कमी येई. म्हणजे इंजिनाने स्वतःच्या गळ्यावर स्वतःच हात ठेवावा, ही युक्ती अठराव्या शतकातच सुचलेली होती. पेट्रोलच्या इंजिनात अडचण वेगळी आली. वाफ बाष्पकातून तयारच येते. पेट्रोलाचे मात्र आधी हवेत मिश्रण करावे लागते, आणि तेही बेताचे. वजनाने हवेचे १४.७ भाग आणि पेट्रोलाचा १ भाग, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. मापाने सांगावयाचे तर एक लिटर पेट्रोल जाळण्यास सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. तेव्हा इंजिन पेट्रोलावर चालते असे आपण म्हणतो ते व्यवहारापुरते खरे. त्याचे मुख्य अन्न हवा आहे.

कार्ल बेन्झच्या पहिल्या गाडीत हे मिश्रण फार ओबडधोबड रीतीने होई. भांड्यातल्या इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा जाई आणि जाताना जेवढी वाफ उचलेल तेवढी उचली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेन्झची पत्नी बेर्था हिने दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत, सुमारे शंभर किलोमीटर, ती गाडी नेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा तिने टोपीची लांब पिन घालून ती मोकळी केली. इंधन संपले ते वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून विकत घेतले. मोटारीच्या पहिल्या दूरच्या प्रवासात रस्त्यावर झालेली ही दुरुस्ती इंधनाच्या वाटेचीच होती, आणि ती एका गृहिणीने हाताशी असलेल्या वस्तूने केली. पुढच्या शंभर वर्षांतील मेकॅनिकांची सारी परंपरा त्या पिनेपासून सुरू होते असे म्हणण्यास हरकत नाही.

१८९३ साली दोन ठिकाणी एकाच वेळी खरा कार्बोरेटर अवतरला. जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी बारीक छिद्रातून इंधनाचा फवारा उडवण्याची युक्ती योजली. फुले विकणारी एक मुलगी तोंडाने फुंकून फुलांवर पाणी शिंपडत होती, ते पाहून बांकीला कल्पना सुचली, अशी आख्यायिका हंगेरीत सांगतात. मागचे तत्त्व मात्र जुनेच होते. नळी मध्ये अरुंद केली की तेथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळे पेट्रोल आपोआप वर ओढले जाते. बर्नुली आणि व्हेंतुरी यांनी अठराव्या शतकात पाण्याच्या प्रवाहावर अभ्यासलेली गोष्ट विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मोटारीच्या कामी आली.

त्यानंतर कार्बोरेटरांचे निरनिराळे संप्रदाय निर्माण झाले. त्यांपैकी भारतीय रस्त्यांना दोन विशेष परिचित. एक इंग्लंडचा एसयू. त्याचा जनक जॉर्ज हर्बर्ट स्किनर हा जोड्यांच्या व्यापारातील घराण्यातला, आणि त्याच्या पहिल्या नमुन्यांतील भाता चामड्याचाच होता. माणूस ज्या मालात वाढतो तोच त्याच्या शोधात उतरतो, याचे हे मोठे गमतीचे उदाहरण. दुसरा पॅरिसचा सोलेक्स. मुंबईची फियाट, म्हणजेच नंतरची पद्मिनी, सोलेक्सवर चाले. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर दीर्घकाळ एसयूवर चालली. आपल्या देशातील मेकॅनिकांची एक पिढी या दोन यंत्रांवर वाढली.

आता बंगळूर. या शहराचा आपल्याशी संबंध शहाजीराजांच्या जहागिरीइतका, म्हणजे १६३८ इतका, जुना आहे हे श्रोत्यांना सांगावयास नको. पण मोटारीच्या कंठाच्या दृष्टीने या शहराचे वैशिष्ट्य त्याच्या उंचीत आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आहे. मुंबई समुद्राच्या काठी, पुणे साडेपाचशे मीटरांवर, बेळगाव साडेसातशेच्या आसपास. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर या मार्गाने गाडी येत राहिली की नकळत चढत राहते. बंगळुरास पोहोचेपर्यंत हवा मुंबईच्या मानाने सुमारे नऊ-दहा टक्के विरळ झालेली असते. कार्बोरेटरला हे कळत नाही. त्याची छिद्रे मुंबईला जेवढी तेवढीच येथेही. परिणामी हवा कमी आणि त्या मानाने पेट्रोल थोडे जास्त असे मिश्रण इंजिनात जाऊ लागते. प्लग काळे पडतात, धुराला वास येतो, पेट्रोल अधिक लागते आणि चौकात गाडी लंगडते. मेकॅनिकांच्या भाषेत गाडी रिच होते. (दैव किती जणांना अशा रीतीने श्रीमंत करते!) मुंबईत अगदी चोख जुळवलेली गाडी बंगळुरात पुन्हा जुळवावी लागे, बंगळुरात जुळवलेली गाडी मुंबईस उतरली की तिचे मिश्रण पातळ पडून ती ठसकू लागे. उंची बदलली की कंठ बदलावा लागतो, हे गवयांना ठाऊक नसेल. पण या महामार्गावरील ट्रक-टॅक्सीवाल्यांना पुरते ठाऊक होते.

बंगळूरच्या भूमीवर मोटारीचा कंठच काय, अख्खी मोटार घडावी, असे स्वप्न एका थोर पुरुषाने पाहिले होते. ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूरचे दिवाण म्हणून त्यांना सारा देश ओळखतो. परंतु त्यांचे स्थापत्याचे शिक्षण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात झाले आणि उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, नाशिक, खानदेश आणि पुणे या भागांत गेली. १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. तलावात पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की दरवाजे आपोआप उघडत, आणि ते उतरले की आपोआप मिटत. पहारेकऱ्याने रात्री उठून चाके फिरवण्याचे कारण नव्हते. वॉटच्या झडपेचे तत्त्व मुठेच्या पाण्याला लावलेले, असे त्याचे वर्णन करता येईल. ज्याच्या बुद्धीला प्रवाह, अडसर आणि त्यांचा तोल या गोष्टींची एवढी जाण होती, त्या माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात मोटारीचा कारखाना हाती घ्यावा यात मला मोठी संगती दिसते.

१९३५ साली, वयाची सत्तरी उलटून गेल्यावर, विश्वेश्वरय्या युरोप-अमेरिकेतील मोटारीचे कारखाने पाहून आले, आणि त्यांनी भारतात असा कारखाना काढण्याची तपशीलवार योजना तयार केली. त्यांना साथ मिळाली ती सोलापुरास जन्मलेल्या वालचंद हिराचंदांची. मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाने सहानुभूती दाखवली. पण १९३९ च्या अखेरीस ते मंत्रिमंडळच राजीनामा देऊन बाहेर पडले. मग म्हैसूर संस्थानाने पुढे होऊन कारखाना बंगळुरास काढण्याची तयारी दर्शवली. वालचंदांनी अमेरिकेत खटपट केली. फोर्ड कंपनीशी जमले नाही, क्रायस्लरशी १९४० साली करार झाला. आणि येथे हिंदुस्थान सरकार आडवे आले. युद्ध सुरू आहे, मोटारीचा कारखाना युद्धकार्यास आवश्यक नाही, यंत्रसामग्रीसाठी परकीय चलन मिळणार नाही, असे सांगण्यात आले. नकाराची टिपणी लिहिणे हे सरकारी नोकरीतील सर्वांत सोपे काम होय, हे मी त्याच नोकरीत राहून सांगतो. संस्थानाला मागे सरावे लागले. गंमत अशी की, त्याच वालचंदांनी त्याच संस्थानाच्या भागीदारीत डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरास विमानांचा कारखाना काढला, आणि त्याला कोणी अडवले नाही, कारण युद्धाला विमाने हवी होती. १९४२ मध्ये सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला. त्यातूनच पुढे हिंदुस्थान एरॉनॉटिक्स उभी राहिली. मोटार मात्र मुंबईस गेली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, आणि १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

बंगळूर मोटारीला मुकले याचे आज फार दुःख करण्याचे कारण नाही. पण त्या दहा वर्षांच्या विलंबाचा एक परिणाम आपल्या विषयाशी निगडित आहे. स्वातंत्र्यानंतर देशात मोटारी थोड्या, सुटे भाग त्याहून थोडे आणि आयातीवर कडक नियंत्रणे, अशी स्थिती उत्पन्न झाली. १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स आणि तिची प्रतिस्पर्धी फोर्ड यांनी १९५३-५४ च्या सुमारास येथून गाशा गुंडाळला, कारण यापुढे नुसती जोडणी चालणार नाही, भाग येथेच बनवले पाहिजेत, असे सरकारने ठरवले. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा वेळी एकच गाडी वीस-वीस वर्षे वापरावी लागे, आणि झिजलेला भाग बदलण्याऐवजी त्यालाच पुन्हा कामास लावावे लागे. धोरण टंचाईचे होते. पण त्या टंचाईने एक विद्या पोसली. ती विद्या जुळवण्याची.

जयनगराची कोनशिला १९४८ साली, त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते बसवण्यात आली. तेथील अशोकस्तंभ आजही पहिल्या ब्लॉकच्या तोंडाशी उभा आहे. लालबागेच्या दक्षिणेस रुंद रस्ते, आखीव ब्लॉक, प्रत्येक घरापुढे थोडीशी मोकळी जागा, अशी ही वसाहत. तिच्या पूर्व अंगाला टिळकनगर नावाची वस्ती आहे, ते नाव ऐकून मराठी प्रवाशाचे कान टवकारतात. नोकरदार मध्यमवर्ग येथे आला, काही वर्षांनी त्याच्या घरापुढील मोकळ्या जागेत स्कूटर आली, आणि मग एखादी जुनी फियाट. उत्तरेकडे दोन-तीन मैलांवर जे. सी. रोड आणि कलासीपाळ्य येथे सुट्या भागांचा मोठा बाजार वाढला. गॅसकेट, जेट, तारा, फ्लोटच्या सुया, जे लागेल ते तेथे शोधावे. गाडी दारात, बाजार जवळ आणि मधल्या आडरस्त्यांवर मेकॅनिक, अशी व्यवस्था लागून गेली.

त्या मेकॅनिकाची जुळवणी म्हणजे काय असे, हे थोडे सविस्तर सांगण्याजोगे आहे. सोलेक्सवर मुख्य असे दोन स्क्रू. एक झडपेला पूर्ण मिटू न देणारा, त्याने इंजिनाचा मंद वेग ठरतो. आपल्याकडे त्याला स्लो म्हणतात, आणि गाडीचा स्लो वाढवून द्या, ही मागणी कुर्ल्यात काय किंवा कलासीपाळ्यात काय, सर्वांना समजते. दुसरा स्क्रू मिश्रणाचा. इंजिन पुरते तापल्यावर पहिला स्क्रू किंचित आवळून वेग जरा वाढवावयाचा. मग दुसरा सैल करीत जावयाचे, इंजिन घोटाळल्यासारखे वर-खाली बोलू लागेपर्यंत. आणि मग तो हळूहळू आवळीत यावयाचे, ते घोटाळणे नुकतेच थांबेपर्यंत. त्या क्षणी हात काढावयाचा. पाव फेरा इकडे-तिकडे झाला तर जुळवणी बिघडली.

एसयूची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात हवेच्या ओढीने वर-खाली होणारा दट्ट्या असे, त्याच्या माथ्यावरच्या नळीत पातळ तेल घालावे लागे, आणि त्याला टांगलेली निमुळती सुई जेटच्या छिद्रात खेळत असे. मिश्रण बदलण्यासाठी खालची षट्कोनी नट एक-एक पैलू फिरवावयाची. पारख करण्याची रीत अशी की, बाजूची बारीक खिट्टी दाबून दट्ट्या केसभर उचलावयाचा आणि ऐकावयाचे. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. वेग पडला किंवा इंजिन बंद होऊ लागले तर कमी. आणि क्षणभर वाढून पुन्हा पूर्ववत झाला तर प्रमाण बरोबर. त्यासाठी मीटर नको, काटा नको. ऐकणारा कान हवा. बोर घाटात किंवा कात्रजच्या चढावर उन्हाने पेट्रोलाची वाफ नळीत अडकली की पंपावर ओले फडके ठेवून दहा मिनिटे सावलीत थांबावे, हेही याच विद्येतले एक वचन. ती कोणत्या पुस्तकातून आली नव्हती. उस्तादाच्या शेजारी पाना धरून उभे राहिलेल्या पोराने ती उचलली, आणि पुढे आपल्या हाताखालच्या पोराला दिली.

या विद्येचा गौरव करताना एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. कान कितीही तयार असला तरी तो इंजिन सुरळीत चालते की नाही एवढेच सांगतो. धुरात विष किती आहे हे त्याला ऐकू येत नाही. किंबहुना गाडी किंचित रिच ठेवली की ती चालवावयास गोड लागते, म्हणून चांगला मेकॅनिकही पारडे तिकडेच झुकवी. लाखो गाड्यांच्या बाबतीत असे झाले म्हणजे शहराच्या हवेचे काय होते, ते मुंबई-दिल्लीने पाहिले आणि नंतर बंगळुरानेही पाहिले.

बदल तेथूनच आला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताने धुरावर निर्बंध घातले, आणि १९६७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने विजेच्या मेंदूवर चालणारी पेट्रोल-फवारणी फोक्सवॅगनच्या गाडीवर आणली. १९७६ मध्ये त्याच कंपनीचा, धुरातील उरलेला प्राणवायू मोजणारा सेन्सर व्होल्वो गाडीत बसला. आता इंजिन स्वतःच्या उच्छ्वासावरून स्वतःचा श्वास दुरुस्त करू लागले. भारतात १९९१ मध्ये पेट्रोल गाड्यांच्या धुरावर पहिल्या मर्यादा आल्या. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे झाले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानीच्या प्रदेशासाठी युरोपीय मानकांच्या मुदती घालून दिल्या, आणि २००० सालापासून भारत स्टेजची मालिका सुरू झाली. कन्व्हर्टरला ते १४.७ चे प्रमाण जवळजवळ अचूक लागते, आणि तेही क्षणोक्षणी. स्क्रूच्या पाव फेऱ्याने ते साधणार नव्हते. थोड्याच वर्षांत मारुती ८०० सारखी घरोघरची गाडीही कार्बोरेटर टाकून फवारणीवर आली. पद्मिनी निघावयाची थांबली. ॲम्बॅसडर २०१४ मध्ये थांबली. आणि मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेने निवृत्त झाली. दुचाकींनी तग धरला होता, पण एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आल्यावर तेथेही बहुतेक सर्वत्र फवारणीच आली.

या नव्या व्यवस्थेत झडप राहिली, पण जुळवणी गेली. थ्रॉटल बॉडीवर झडपेला टेकू देणारा स्क्रू आजही असतो; मात्र तो कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून बसवतात आणि रंगाच्या ठिपक्याने किंवा टोपणाने बंद करतात. त्याला हात लावू नये अशी सूचना असते, आणि ती योग्य आहे. झडप मिटलेली असताना सेन्सर साधारण अर्ध्या व्होल्टाचा संदेश देतो आणि तीच खूण धरून संगणक पुढचे सारे गणित मांडतो. जुन्या सवयीने कोणी तो स्क्रू फिरवून स्लो वाढवावयास गेला की ती खूणच सरकते. गाडी उभी असूनही चालकाने पाय दाबला आहे असे संगणकाला वाटते आणि सगळा हिशेब चुकतो. पूर्वी ज्या स्क्रूला हात लावणे ही विद्या होती, त्याला हात न लावणे ही आता विद्या झाली. उंचीचा प्रश्न तर नाहीसाच झाला. मुंबईहून निघालेली गाडी खंबाटकी चढते तेव्हाच तिचा सेन्सर हवेचा दाब उतरल्याचे टिपतो आणि पेट्रोल त्या मानाने कमी करतो. इंजिनाची ताकद विरळ हवेमुळे थोडी घटते, तेवढी घटतेच. पण प्लग काळे होत नाहीत.

आणि हे गणित लिहिले जाते कोठे? जयनगरापासून पूर्वेस आडुगोडी फार दूर नाही. तेथे बॉशच्या सहकार्याने १९५१ साली स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या मायकोचा, कारखाना होता. स्पार्क प्लग आणि डिझेल फवारणीचे पंप तेथे तयार होत. मायकोत नोकरी हे दक्षिण बंगळुरात एके काळी वधूपित्याला समाधान देणारे वाक्य होते, आणि मायको ले-आउट नावाची वस्ती आजही तेथे आहे. २००८ मध्ये कंपनीने बॉश हे नाव घेतले. पुढे उत्पादन म्हैसूर रस्त्यावरील बिडदीकडे हलवण्यात आले, आणि आडुगोडीच्या त्या जागेवर उभ्या राहिलेल्या तंत्रज्ञानकेंद्राचे उद्घाटन जून २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. जेथे कामगार पंपाचे पोलाद सूक्ष्म मापाला घासत होते, तेथे आता अभियंते पडद्यासमोर बसून काम करतात. मोटारीच्या संगणकासाठी आज्ञावली लिहिणारे हजारो तरुण या शहरात आहेत. पूर्वी ज्याला कान म्हणत, त्याचा काही अंश आता त्यांच्या बोटांत आहे. विश्वेश्वरय्यांना हवी असलेली मोटार बंगळुरास घडली नाही, पण मोटारीची बुद्धी मात्र येथे घडू लागली.

माझा आक्षेप या बदलाला नाही. हवा सर्वांची आहे आणि ती स्वच्छ राहिली पाहिजे. आक्षेप आहे तो या बुद्धीला घातलेल्या कुलपाला. सोलेक्स उघडता येत होता. त्याच्या आत काय आहे हे पाहण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती, आणि म्हणून दहावी न झालेला मुलगाही त्यात पारंगत होऊ शकला. २०१३ पासून आपल्या गाड्यांत दोष सांगणारी व्यवस्था विस्ताराने आली आहे. जोडणीच्या ठिकाणी यंत्र लावले की संगणक दोषाचा क्रमांक सांगतो. पण त्या क्रमांकापुढची वाट, म्हणजे नव्या झडपेची ओळख जुन्या संगणकाला करून देणे, हे पुष्कळ गाड्यांत कंपनीच्या यंत्राशिवाय होत नाही, आणि ते यंत्र आडरस्त्यावरील गॅरेजला परवडत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासंबंधी एक दालन उघडले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. माहिती खुली करण्याची ती सुरुवात आहे. कंपन्यांवर बंधन घालणारा कायदा अजून व्हावयाचा आहे. खडकवासल्याचे दरवाजे आपोआप उघडत, परंतु त्यांची रचना ज्याला पाहावयाची असेल त्याला दिसत होती.

दरम्यान गॅरेजमधील काम चालूच आहे. इंजिनातून परतणाऱ्या तेलकट वाफांमुळे झडपेच्या काठावर काळा थर साचतो, हवेची फट अरुंद होते आणि गाडी सिग्नलला थरथरू लागते. संगणक काही महिने सांभाळून घेतो. झडप थोडी अधिक उघडून ठेवतो आणि ती सवय लक्षात ठेवतो. मग एके दिवशी मेकॅनिक रबरी नळी सोडवतो, द्रावण फवारतो, मऊ फडक्याने काठ पुसतो, आतला लेप खरवडला जाणार नाही याची काळजी घेतो आणि नळी परत बसवतो. गाडी सुरू केली की ती एकदम मोठ्याने बोलू लागते, कारण फट मोकळी झाली तरी संगणकाला जुनीच सवय आहे. पुष्कळ गाड्यांत ही सवय काही मिनिटांनी आपोआप सुटते. तोवर हाताला काही काम नसते. जुना मेकॅनिक असला तर तो झाकणाला हात टेकून तेथेच उभा राहतो, आणि आवाज उतरत उतरत ठिकाणावर येईपर्यंत ऐकत राहतो.